कागद फिरवायचा नाही

४ जुलै

मामा,

नमस्कार आधीच घेऊन टाक, पुढे बोलण्याच्या नादात राहून जाईल. फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तू अर्धं ऐकतोस, उरलेलं मनाने रचतोस आणि मग सूनबाईंना भलतंच काहीतरी सांगतोस. त्यापेक्षा पत्र बरं. तुला दोनदा वाचता येतं आणि मला मधे कुणी तोडत नाही.

बातमी अशी की आमच्या कॉलेजात, म्हणजे तुझ्याच जुन्या शाळेच्या इमारतीत, होणाऱ्या चित्रकला शिक्षकांना यंदापासून नवा विषय आलाय. 'कलाशिक्षणाचा इतिहास'. बाकी सगळे हात झटकून मोकळे झाले आणि विषय माझ्या गळ्यात पडला. वरून पत्रक आलंय, 'सर्व समाजांच्या परंपरांना स्थान द्यावे'. प्राचार्यबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "शेवटी एक पान वाढवा. एक मडकं, एक टोपली, एक चटई. चित्रं टाका, झालं." तोंडी लावायला! माझं डोकंच सणकलं.

आणि नेमलेल्या पुस्तकाचं पहिलं वाक्य ऐक. 'या भागात चित्र शिकवण्याची सुरुवात आपल्या शाळेने केली. त्याआधी येथे शिकवणारे कोणी नव्हते.' अरे, कोणी नव्हते? मग भट्टीगल्लीतले कुंभार काय आईच्या पोटातून शिकून आले होते?

म्हणून मी पुस्तक मिटलं आणि चाळीस जणांना घरचा अभ्यास दिला. तुमच्या घरात हाताने काही करायला कुणी कुणाला कसं शिकवलं, विचारून या. काय एकेक आलं, मामा! एकाचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यांच्या उस्तादाने तीन वर्षं नुसती दुसऱ्याने काढलेली अक्षरं भरायला लावली. एकीची आजी टोपल्या विणते. तिथे पहिलं वर्ष विणायचं नाहीच, जुन्या टोपल्या उसवायच्या. कशी बांधली ते उसवताना कळतं म्हणे. ही शिकवण्याची पद्धत नाही तर काय आहे?

मग एकाने मलाच विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी?" मी म्हटलं, आमच्या घरी मामा. सहा वर्षांची असल्यापासून पाठीशी उभा राहून 'कागद फिरवायचा नाही, हात फिरव' म्हणणारा. सगळे हसले. तेव्हा तुझं नाव निघालंच आहे, आता तू लिही. तू तिथे शिकलास, तिथेच अडतीस वर्षं शिकवलंस, तुझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? शिवाय डिसेंबरात मोठ्या चित्रशाळेला तुझं नाव द्यायचं ठरलंय हे अजून गुपित आहे. मी फोडलं नाही असं समज.

एक विचारायचं राहिलं. चित्रशाळेत प्रत्येक डेस्कावर बोर्ड लोखंडी पट्टीने आवळलेला आहे. पोरं बोर्ड पळवायची का रे? इतका बंदोबस्त!

आई बरी आहे. शिवणाचा ढीग आणि कुंड्या, दुसरं जग नाही. काल मी गच्चीवरची एक कुंडी उन्हात सरकवायला गेले तर केवढ्यांदा ओरडली. तेवीस कुंड्या आहेत, एकीलाही हात लावू देत नाही.

तुझी ठिणगी


११ जुलै

ठिणगे,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा सूनबाईंना वाचून दाखवलं, त्यातलं चित्रशाळेचं तेवढं दोनदा. गुपित माझ्यापाशी अगदी सुरक्षित आहे, शेजारच्या तिघांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

आता तुझ्या कामाचं. टोपल्या उसवणारी आजी झकास. पण अगं, परीक्षेत आजीबद्दल प्रश्न येणार आहे का? पोरांना पास व्हायचं असतं. आधी पुस्तक शिकव, मग हव्या तेवढ्या टोपल्या उसव. आमचे मोठे सर, म्हणजे शाळा ज्यांनी उभी केली ते, फार शिस्तीचे. त्यांच्या हाताखाली जो टिकला तो आयुष्यभर कुठेही टिकला. हे लिही, आणि मी सांगितलं म्हणून लिही.

लोखंडी पट्ट्या चोरीसाठीच. पोरं काहीही उचलतात.

डावीकडच्या भिंतीतल्या कपाटात जुने कागद आहेत, त्यांत हात घालू नकोस. वाळवी आहे. शिपायाला सांगून सगळं एकदम बाहेर काढायला लाव आणि रद्दीत दे. तुला धुळीचा त्रास होतो.

आणि हा घरचा अभ्यास धाकटीला, म्हणजे तुझ्या आईला, देऊ नकोस. तिला चित्राचा गंध नाही, उगीच ओशाळवाणं होईल. बाबा मालगोदामात कारकून होते, आमच्या घरी कुणी हाताने काही करायचं नाही. हे मी तुला लहानपणीही सांगितलंय. शाळेत गेलो तेव्हा मी पहिली रेघ काढली, तिथपासून माझं कलाशिक्षण. बाकी मजेत. कान पूर्ण गेले तर बरं, असं टीव्ही लागला की वाटतं.

मामा


१८ जुलै

मामा,

वाळवी नव्हती.

मी कपाट उघडलं, तू 'नको' म्हणालास म्हणूनच उघडलं. नकाशांच्या गुंडाळ्यांमागे लांबडी, हिरव्या कापडाची वही निघाली. मला वाटलं हजेरी असेल. रकाने बघ. नाव. बापाचा धंदा. राहणार. घरचा हात. गेल्याची तारीख. शिक्षकाची सही.

मला आधी कळेचना. घरचा हात म्हणजे काय? कुठे गेला? मग पहिल्या पानावर मोठ्या सरांच्या अक्षरात नियम सापडले. शब्दाला शब्द उतरवते. 'विद्यार्थ्यास वर्तुळ काढावयास सांगावे. डाव्या हाताने कागद अथवा बोर्ड फिरवीत असल्यास घरचा हात आहे असे समजावे. डावा हात महिनाभर मांडीवर स्वस्थ राहिल्यास गेला असे समजून तारीख घालावी. घरचा हात गेल्याशिवाय रंग देऊ नयेत.'

रंग देऊ नयेत! मामा, मी खाली बसलेच. फरशीवर, धुळीत.

नुसते कुंभारच नाहीत. टोपलीवाल्याच्या मुलापुढे लिहिलंय, 'कागदाच्या मध्यापासून सुरुवात करतो. आहे.' शिंप्याच्या मुलीपुढे लिहिलंय, 'पट्टी न लावता रेघ सरळ येते. लक्ष ठेवावे.' रेघ सरळ येते हा गुन्हा? कुणाला सात महिने रंग नाहीत, कुणाला दोन वर्षं. काही जणांपुढे तारीखच नाही, नुसतं 'शाळा सोडली'. अशी पानंच्या पानं.

आणि पट्ट्या! चोरीसाठी म्हणे. बोर्ड फिरू नये म्हणून आहेत त्या. मी रोज त्यांच्यामधून ये-जा करते, त्यांना धडकते, आणि पोरं काय चोरायची म्हणून हसते.

मी पुढे जातच राहिले. वहीच्या मध्यावर अक्षर बदललं. मामा, तुझा 'ग' मला अंधारातही ओळखू येईल. त्याच्या डोक्यावर तू गोल काढतोस, मी लहानपणी त्याला टोपी म्हणायचे. 'गेला.' 'गेला.' 'गेला.' एकसष्ट वेळा टोपीवाला 'ग'. एकसष्ट मुलं, खाली तुझी सही.

माझा विश्वासच बसेना. मी वही खिडकीशी नेली, पुन्हा बघितली.

त्याहून वाईट ऐक. गेल्या मंगळवारी माझ्या वर्गात भट्टीगल्लीची एक मुलगी वर्तुळ काढत होती. सुटा कागद होता तिचा, आणि ती तो फिरवत होती. मी मागून गेले आणि म्हटलं, "कागद फिरवायचा नाही, हात फिरव." तुझ्याच आवाजात! तिने मान खाली घातली आणि डावा हात मांडीवर ठेवला. मांडीवर, मामा! मी तिला शाबासकी दिली.

काल तिची माफी मागितली. ती गोंधळली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे उलटं आहे. घरी कागद नाही फिरवला तर आजोबा ओरडतात." भांडं फिरतं, कुंचला जागेवर राहतो, कोपर गुडघ्याला टेकलेलं असतं. असं पाच वर्षांच्या पोराला शिकवतात. शिकवणारे कोणी नव्हते म्हणे!

ऑगस्टमध्ये मी हीच वही वर्गात उघडणार. चाळीस जण उद्या चाळीस शाळांत जाणार आहेत, आणि माझ्यासारखेच पोरांच्या मागे उभे राहणार आहेत. पण त्यात तुझी सही आहे, म्हणून आधी तुला विचारते. हे काय आहे, मामा? तू हे का केलंस?

ठिणगी


२४ जुलै

ठिणगी,

ती वही जाळ.

त्या काळी सगळीकडे असंच होतं. शिस्त म्हणून होतं, वाईट हेतूने नव्हतं. आज तुला बसल्या जागेवरून न्यायनिवाडा करणं सोपं आहे.

माझे विद्यार्थी आजही रस्त्यात वाकून बोलतात. शहाऐंशी जण चित्रकला शिक्षक झाले, त्यांतली एक तू. अडतीस वर्षांत मी कुणावर हात उचलला नाही. हे त्या वहीत कुठे लिहिलेलं नाही, ते तूही वाचून दाखवणार नाहीस. डिसेंबरात दारावर माझं नाव लागणार आणि ऑगस्टात तू आत बसून माझी सही दाखवणार. छान.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. एवढं कर. माझं नाव मातीत घालू नकोस.

मामा


१९ ऑगस्ट

ठिणगे,

चार आठवडे झाले, तुझं पत्र नाही. रोज पोस्टमनच्या आधी दारात जाऊन उभा राहतो. त्याला वाटतं म्हाताऱ्याला उद्योग नाही. मी धरून चाललो की तू वही वर्गात वाचली असशील, सगळ्यांनी छी थू केली असेल आणि आता तुला माझ्याशी बोलायचंही नाही. तसं असेल तर हे पत्र उशिरा येतंय. तरी लिहितो.

त्या वहीचं चौथं पान उघड. वरून नववी ओळ. नावावर जाऊ नकोस, आडनाव मी नंतर बदललं. 'बापाचा धंदा : कुंभार. राहणार : भट्टीगल्ली. घरचा हात : आहे.' आणि पुढे मोठ्या सरांच्या अक्षरात, 'गेला. २८ नोव्हेंबर.'

तो मी.

आता तू फरशीवर बसली असशील तर ऊठ, आणि नीट खुर्चीवर बसून वाच. तुझे आजोबा मालगोदामात कारकून नव्हते. गोदामात जायचे एवढं खरं, मडकी पोचवायला. मी दहाव्या वर्षापर्यंत त्यांच्या गुडघ्याशी बसून भांड्यांवर पट्टे ओढले. माझा हात गल्लीत नावाजलेला होता. शाळेत पहिल्या दिवशी मी बोर्ड फिरवून असं वर्तुळ काढलं की शेजारचा पोरगा टाळ्या वाजवायला लागला. मोठे सर आले, त्यांनी वर्तुळ बघितलं. डाव्या हाताच्या बोटांवर फूटपट्टीची कड बसली. चौदा महिने बसत होती. रंगाची पेटी समोर, कपाटात, काचेआड. तारीख पडली त्या दिवशी सरांनी ती माझ्या हातात दिली आणि मी इतका आनंदलो की घरापर्यंत पळत गेलो. बाबांना सांगितलं, माझा घरचा हात गेला! ते भट्टीत लाकडं घालत होते. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं.

मग मी तिथेच शिक्षक झालो. दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे भट्टीगल्लीची तीन पोरं आली. फूटपट्टी आता माझ्या हातात होती, आणि मला ती उचलवेना. मी डोकं लढवलं. बोर्डच आवळून टाकला तर फिरणारच नाही, फिरला नाही तर मारायला नको. लोहाराकडे स्वतः गेलो, चाळीस पट्ट्या करून आणल्या, दोन दिवस खपून एकट्याने बसवल्या. मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मलाही वाटलं, पोरांचा मार वाचला. वाचलाच, ठिणगे. पण मार खाऊन माझा हात जायला चौदा महिने लागले होते आणि पट्टीने तो तीन महिन्यांत जायला लागला. हे माझ्याच अक्षरात आहे, तारखा मोजून बघ.

अजून एक आहे. ते सांगितलं नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

बाबा गेले तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, धाकटी चौदाची. आईला आणि तिला घेऊन मी गल्ली सोडली, शाळेजवळ खोली घेतली. धाकटीने बाबांची पाच भांडी बरोबर आणली होती, सगळी तिने रंगवलेली. तिचा हात माझ्यापेक्षाही वरचढ होता. बाबा तसं म्हणायचे आणि मी चिडायचो. मला शाळेत नोकरीला घेतल्यावर दुसऱ्याच रविवारी मोठे सर चहाला यायचे होते. मी एक भांडं घासून कोरं केलं, पाण्यासाठी. चार मागच्या भिंतीवर आपटली. ती दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, यापुढे हे कुणाला दिसता कामा नये. तिने विचारलं, "कुणालाच?" मी म्हटलं, कुणालाच. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिला शिवणाच्या वर्गात घातलं. आणि तेव्हापासून आजवर सगळ्यांना, तुलाही, सांगत आलो की धाकटीला चित्राचा गंध नाही. तिच्यासमोर सांगत आलो. ती हसायची.

मला आता काय म्हणायचं ते म्हण. फक्त पत्र लिही.

मामा


२५ ऑगस्ट

मामा,

वही मी वर्गात वाचलेली नाही. जाळलीही नाही. कपाटात आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये. तुझ्या 'जाळ'वर मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली, त्यांत तुला जे बोलले ते आता सांगत नाही. वर्गात रोज विचारतात, मॅडम, ऑगस्टात काहीतरी दाखवणार होता ना? मी म्हणते, थांबा. कशासाठी थांबायचं ते मलाच ठाऊक नव्हतं.

परवा तुझं पत्र आलं. चौथं पान, नववी ओळ. मी बोट ठेवून बसले. दहा वर्षांचा तू तिथे आहेस आणि पुढे तारीख. मला तुझा इतका राग आला होता, आणि आता राग कुठे ठेवायचा तेच कळेना. मी रडले. शिपाई दारातून बघून हळूच परत गेला.

घरी आले. आई मशीनवर पडद्याची किनार घालत होती. आता लक्ष गेलं, मामा! ती खडूने खूण करताना कापड फिरवते. खडू जागेवर असतो. लिफाफ्यावर पत्ता लिहिताना लिफाफा फिरवते. मी आयुष्यभर तिला म्हणत आले, आई, सरळ धर ना गं. चित्रकलेची शिक्षिका मी, आणि हे रोज डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही!

मी तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने मशीन थांबवलं, शेवटपर्यंत वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा भांड्यांपाशी आली तिथे थांबली. मग म्हणाली, "चार नाही, तीनच फोडली त्याने. एक मी ओढणीखाली धरलं होतं." आणि उठून गच्चीवर गेली. मी मागोमाग.

"उचल," म्हणाली.

मी म्हटलं, काय?

"कुंडी. ती गुलाबाची. सावकाश, तिरकी कर."

मी तिरकी केली. आणि मामा, माझ्या हातून ती पडलीच असती. कुंडीच्या तळाला, मधल्या भोकाभोवती, तांबड्या मातीचे आणि चुन्याचे गोल. एकात एक असे नऊ. केसाइतक्या बारीक रेघा, कुठे थरथर नाही, कुठे जोड दिसत नाही. दोन गोलांच्या मधे मासे पोहताहेत, एकामागे एक, सगळ्यांचे डोळे भोकाकडे. मी किंचाळलेच. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं हो?

पुदिन्याच्या कुंडीखाली पानं. कोरफडीच्या खाली पाखरं. तेवीसच्या तेवीस, मामा, एक दुसरीसारखी नाही. ओल लागून पुसतं, म्हणून दर उन्हाळ्यात ती 'कुंड्या धुवायच्या' म्हणून दोन दिवस गच्चीचं दार लावून घ्यायची. आम्हाला वाटायचं धुतेय! मी त्या कुंड्यांना पाणी घालत मोठी झाले. तू दरवेळी आलास की त्यांच्याच शेजारी खुर्ची टाकून बसायचास.

मी तिला गदागदा हलवून विचारलं, आई, अगं पन्नास वर्षं? का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "दादा म्हणाला होता, कुणाला दिसता कामा नये. काढू नकोस असं नव्हता म्हणाला."

आणि कुंडी होती तशी ठेवायला सांगितली. मुळं दुखावतात म्हणे.

मला तिला वर्गात न्यायचंय. एक मडकं, एक टोपली, एक चटई असं शेवटचं पान म्हणून नाही. पहिला तास म्हणून. इतिहास तिथून सुरू होतो. आणि वहीही मला वाचायचीच आहे, कारण ती लपवली तर तीच पुढे शिकवत राहिल्यासारखं होईल. पण तुझ्या पाठीमागे नाही वाचणार. तू काय म्हणतोस ते ऐकायचंय मला, मग तू जाळ म्हण की माती टाक म्हण.

तुझी ठिणगी


३० ऑगस्ट

ठिणगे,

तेवीस!

तुझं पत्र वाचलं आणि तडक गॅलरीत जाऊन सूनबाईंची कुंडी उलटी करून बघितली. माती सगळी पायावर. तळाला काही नव्हतं. काय असणार? म्हातारा चळला असं ठरलंय आता घरात.

मग एक कागद घेतला, पेन्सिल घेतली, कोपर गुडघ्याला टेकवलं. म्हटलं, बघू. बाबा कसे बसायचे ते सगळं आठवलं. पेन्सिल टेकवली आणि वाट बघितली. डावा हात मांडीवर पडून राहिला. मी त्याला सांगतोय, अरे उचल, फिरव. तो हललाच नाही. उजव्याने उचलून त्याला कागदावर ठेवला तर तिथेही तसाच, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. शहात्तर वर्षांचा माणूस, ओक्साबोक्शी रडलो. सूनबाईंना वाटलं पत्रात कुणी गेल्याची बातमी आहे. तसं म्हणायला हरकत नाही.

वही वाच. चौथ्या पानापासून सुरू कर आणि माझ्या एकसष्टांपैकी एकही गाळू नकोस. दारावर माझं नाव नको, प्राचार्यबाईंना मी वेगळं लिहितो. ज्यांच्यापुढे 'शाळा सोडली' आहे त्यांची नावं लावा म्हणावं तिथे.

धाकटीला काय लिहू? तीन वेळा सुरुवात केली. तिला विचार, ती मला शिकवेल का? या वयात जमणार नाही हे मला माहीत आहे. तरी विचार.

मामा


४ सप्टेंबर

दादा,

हिच्याकडून निरोप धाडण्यापेक्षा मीच लिहिते. माझं अक्षर वाकडं येईल, कागद फिरवून लिहितेय. आता मला कुणी टोकत नाही.

राग नव्हता असं म्हणणार नाही. होता, पुष्कळ होता. भांडी फोडलीस त्याचा नंतर गेला, तुझीही बोटं मी बघितली होती. पण तू दर वेळी यायचास, कुंड्यांशेजारी बसून चहा प्यायचास, आणि मला वाटायचं, आज तरी दादा एखादी उचलेल. तुला कळेल, कारण तू बाबांचा मुलगा आहेस. पन्नास वर्षं वाट बघितली. तू झाडांचं कौतुक करून जायचास.

शिकवेन. का नाही शिकवणार? बाबांनी तुला शिकवलं तेव्हा मी मागे बसून बघत होते. तूच माझा पहिला मास्तर आहेस, हे तुला कधी सांगितलं नाही. ते ओढणीखालचं भांडं अजून आहे माझ्याकडे, पलंगाखाली, कापडात. त्यावरचा वरचा पट्टा तुझा आहे, खालचे माझे. तुला वाटलं होतं सगळी माझीच.

वर्गात मी जाईन म्हणून हिला कबूल केलंय. पण पट्ट्या अजून तशाच आहेत. शिपाई काढायला निघाला होता, मी हिला सांगून थांबवलं. चाळीस डेस्क, एकेका पट्टीला दोन स्क्रू. तू बसवल्यास, तूच काढायच्या. मुलं समोर बसलेली असतील. वहीही तूच वाच. कान गेले असतील, वाचता येतं ना अजून?

सोमवारी सकाळच्या गाडीने ये. स्क्रूड्रायव्हर तुझा तू आण, इथले सगळे बोथट आहेत. डाव्या हाताचं काय करायचं ते मी बघते.

धाकटी